पंखातली खिडकी

नवरात्रातल्या दुसऱ्या माळेला सकाळी गच्चीवर गेलो, तर कबुतरांच्या ढाबळीच्या दारात एक लांब पीस पडलेलं. राखाडी, टोकाकडे काळपट. मधल्या काडीच्या एका बाजूची पाती अरुंद आणि ताठ, दुसऱ्या बाजूची रुंद आणि मऊ. उलटसुलट करून बघितलं, डाव्या पंखाचं होतं. लगेच गुडघ्यावर बसून दुसरं शोधायला लागलो. डाव्या पंखाचं पीस पडलं की उजव्याचं तेच पीस त्याच दिवशी, फार तर एक-दोन दिवसांत पडतं. ते पाण्याच्या टाकीमागे सापडलं, वाऱ्यानं सरकत जाऊन कोपऱ्यात अडकलेलं.

ही सवय तात्यांची. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे. दिवसभर वाळू आणि तापलेलं लोखंड, आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर कबुतरं. त्या काळी पेठेतल्या कितीतरी गच्च्यांवर ढाबळी होत्या. तात्यांकडे बहुतेक गिरेबाज. उंच चढून तासन्‌तास वर राहणारी जात. उन्हाळ्यात ती आभाळात ठिपक्याएवढी झाली की तात्या पाठीवर झोपून बघत राहायचे आणि मी शेजारी.

पावसाळा लागला की मात्र सगळं थांबायचं. जूनमध्ये पिसं गळायला सुरुवात व्हायची ती दिवाळीच्या पुढंपर्यंत चालायची. तात्या एकेक पाखरू हातात घ्यायचे, पाय दोन बोटांत, छाती तळहातावर, आणि दुसऱ्या हातानं पंख पंख्यासारखा उघडायचे. कबुतराच्या पंखात बाहेरच्या अर्ध्या भागात, म्हणजे आपल्या मनगटाच्या पुढं, दहा मोठी पिसं असतात. मोजायची आतून बाहेर. पहिलं मनगटापाशी, दहावं टोकाला. गळतात तीही ह्याच क्रमानं. पहिलं पडतं, त्याच्या जागी निळसर नळी फुटते, नळीत रक्त असतं, नळी फाटत फाटत नवं पीस बाहेर येतं. ते निम्म्याच्या वर वाढलं की दुसरं पडतं. एकेकाला दोन-तीन आठवडे धरले तर दहांचा हिशोब सहा महिन्यांवर जातो. आणि ह्या सहा महिन्यांत पंखात कुठं ना कुठं एक फट असतेच. ती फट मनगटापासून निघून हळूहळू टोकाकडे सरकत जाते.

तात्या तिला खिडकी म्हणायचे. हा शब्द मी दुसऱ्या कुणा कबुतरवाल्याच्या तोंडी ऐकलेला नाही, त्यांचा स्वतःचाच असावा. "पीस गळालं म्हंजे पाखरू आजारी न्हाई रं," ते सांगायचे, "पर पंखात खिडकी पडलीया. खिडकी कडंला असली तर एक चालतंय. मधी पडली की वारं समदं घरात."

मी तेव्हा सातवीत होतो. १९८६ सालचा श्रावण. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि तात्या दुसऱ्या पाळीला गेले होते. माझे दोन मित्र गच्चीवर आले होते. त्यांना आमची तांबडी दाखवायची होती. तांबडी म्हणजे तात्यांची सगळ्यात लाडकी मादी, उन्हाळ्यात सगळ्यांच्या वर असायची. तिचं तिसरं पीस अर्धवट वाढलेलं होतं आणि चौथं चार दिवसांपूर्वी पडलेलं. मला ते ठाऊक होतं, मीच तात्यांना ती दोन्ही पिसं शोधून दिली होती. तरी मी दार उघडलं आणि तिला हुसकावलं.

ती उडाली. पण आवाज वेगळा होता. नेहमीच्या फडफडीत एक फुसकारल्यासारखा सूर मिसळलेला. चढतानाही ती नेहमीसारखी सरळ चढेना, पंख जास्त भराभर आणि जास्त खोल मारत होती, आणि तरी शेजारच्या तीन मजली घराच्या वर जायला तिला दोन फेरे घ्यावे लागले. उन्हात ती डोक्यावरून गेली तेव्हा दोन्ही पंखांच्या मधोमध आभाळाचा एकेक तुकडा दिसला. तेवढ्यात पंचगंगेच्या बाजूनं ससाणा आला. धष्टपुष्ट पंखांचं कबुतर अशा वेळी एकदम खाली कोसळून, वळसा मारून निसटतं, हे मी पूर्वी दोनदा बघितलं होतं. तांबडीनं वळसा घेतला, पण तो पुरा झाला नाही.

तात्या रात्री आले. मी सगळं सांगितलं, रडत. त्यांनी मारलं नाही, बोललेही नाहीत. ढाबळीत जाऊन राहिलेली पाखरं मोजली आणि दार लावून घेतलं.

पुढं मी डिप्लोमा केला आणि उद्यमनगरातच छोटं वर्कशॉप टाकलं. आम्ही ब्लोअर बनवतो, कारखान्यांना हवा पुरवणारे आणि धूर ओढणारे पंखे. पंचवीस वर्षं झाली. आणि खिडकीचं कोडं मला ह्या धंद्यात उलगडलं, तेही एका चुकीमुळं. एका गिऱ्हाइकाकडे आमचा ब्लोअर हवा तेवढा दाब देईना. मोटर बरोबर, फेरे बरोबर, पात्यांचा कोन बरोबर. शेवटी उघडून बघितलं, तर पात्यांची टोकं आणि भोवतीचं केसिंग ह्यांच्यातली फट आम्ही ठेवायला हवी त्यापेक्षा जास्त ठेवली होती. बघायला क्षुल्लक. पण पात्याच्या एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि हवेला जास्तीकडून कमीकडे जायला एक वाट मिळाली की ती तिथूनच घुसते. नुसती घुसत नाही, घुसताना वळते, भोवरा करते, आणि त्या भोवऱ्याला फिरवायची ताकद आपल्याच मोटरमधून जाते. त्या रात्री घरी येताना मला तांबडीच्या पंखातले आभाळाचे ते दोन तुकडे आठवले.

पंखाचं तेच आहे. पंखाखाली दाब जास्त, वर कमी, ह्या फरकावर पाखरू हवेत तरंगतं. पंख जिथं संपतो त्या टोकाला खालची हवा वळसा घालून वर येते, म्हणून टोकापाशी हा फरक शून्यावर येतो आणि मागे भोवऱ्याची शेपटी राहते. ती शेपटी म्हणजे ओढ, मागे खेचणारं बळ. प्रत्येक पंखाला हे मोल मोजावंच लागतं. आता पंखाच्या मधोमध एक पीस नाही. म्हणजे तिथं दोन नवी टोकं तयार झाली. दाबाचा फरक तिथंही खाली येतो आणि फटीच्या दोन्ही कडांना भोवरे सुटतात. एक लांब पंख होता, त्याचे जणू दोन आखूड पंख झाले. आखूड पंखाला तेवढंच वजन उचलायला जास्त खर्च येतो. दहातलं एक पीस गेलं म्हणून एक दशांश ताकद गेली, असा त्रैराशिकाचा हिशोब इथं लागू पडत नाही. गेलेल्या पिसाच्या जागेपेक्षा त्या जागेनं शेजारच्या शाबूत पिसांच्या कामात जो बिघाड केला तो मोठा.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे अँडर्स हेडेनस्ट्रॉम आणि जपानचे सुनादा ह्यांनी १९९९ साली ह्याचं गणित प्रसिद्ध केलं. त्यांनी साधा आयताकृती पंख धरला, त्यात वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या रुंदीच्या फटी पाडल्या, आणि पंख नुसता तरंगताना काय होतं आणि फडफडताना काय होतं, दोन्ही मांडून बघितलं. फट पंखाच्या मधल्या भागात असली की सगळ्यात महाग पडते, टोकाकडे जाईल तशी स्वस्त होते. मी ते वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बायकोला उठवून सांगितलं की तात्यांचं बरोबर होतं. साचेकाम करणाऱ्या चौथी पास माणसाला हे हाताला कळलं होतं.

त्यात एक गोष्ट मात्र मी माझ्यापुरती जोडून ठेवतो. खरा पंख आयताकृती नसतो आणि फडफडताना सगळा पंख एका वेगानं हलत नाही. खांद्याजवळचा भाग जेमतेम हलतो, टोक सगळ्यात जोरात. कबुतर सेकंदाला सहा-आठ वेळा पंख मारतं, त्यात पुढं ढकलण्याचं बहुतेक काम बाहेरची पिसं करतात. म्हणून पेठेतले बाकीचे कबुतरवाले नववं-दहावं पडलं की पाखरू बंद करायचे, त्यांचंही चुकत नव्हतं. तिथं फट पडत नाही, पंखच आखूड होतो, आणि ती पिसं सगळ्यात लांब असल्यामुळं भरून यायला वेळही जास्त घेतात. तात्या दोन्ही वेळा बंद करायचे. मधल्या पिसांना खिडकीसाठी, शेवटच्या दोहोंना लांबीसाठी.

दोन्ही पंखांतलं तेच पीस एका वेळी का पडतं, हे मला वर्कशॉपमध्ये कुणी शिकवायची गरज पडली नाही. चालत्या ब्लोअरचं एक पातं तुटलं तर तो थरथरून बेअरिंग खातो. नवं पातं येईपर्यंत मशीन चालवायचंच असेल तर समोरचं धडधाकट पातंही कापून काढतात. हवा कमी मिळते, पण तोल राहतो. कबुतर विकत आणलं की ते जुन्या घरी पळून जाऊ नये म्हणून पिसं कापायची पद्धत आहे, त्यात काही जण एकाच पंखाची कापतात. असं पाखरू उडायला गेलं की एका बाजूला कलंडत गोल फिरतं. बघवत नाही. आणि कापलेलं पीस परत येत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसंच थोटं राहतं, कारण पीस नखासारखं निर्जीव असतं, कापल्याचं मुळाला कळतच नाही. मुळापासून उपटलं तरच नवं फुटतं. तात्यांनी कधी कापली नाहीत. नवं पाखरू जाळीत ठेवायचे, दाणा हातानं द्यायचे, महिना लागला तर महिना.

शाबूत पंखात फट का पडत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं सुचलाच नव्हता. पंख मिटला की पिसं एकावर एक रचली जातात, उघडला की पसरतात. इतक्या वेळा मिटतात, उघडतात, वाऱ्याच्या झोतात हलतात, तरी दोन पिसांमध्ये चीर पडत नाही. ह्याचं उत्तर २०२० च्या जानेवारीत आलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड लेंटिंक ह्यांच्या गटानं कबुतराची पिसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर शेजारशेजारची पिसं जिथं एकमेकांवर येतात तिथं बारीक आकडे. पंख पसरताना ते एकमेकांत अडकतात आणि पीस ठरलेल्या मर्यादेपलीकडे सरकू देत नाहीत. मिटताना आपोआप सुटतात. विंड टनेलमध्ये, म्हणजे हवा तसा वारा सोडायच्या बोगद्यात, त्यांनी पिसं अशी फिरवून बसवली की आकडे लागू नयेत, आणि खवळलेल्या हवेत लगेच फटी पडल्या. त्यांनी खऱ्या कबुतराची चाळीस पिसं लावून एक उडणारं यंत्रही बनवलं.

तात्यांची पिसं माझ्याकडे चहाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. मी त्यातली एकाच पंखाची दोन शेजारची पिसं काढली, पंखात असतात तशी एकावर एक ठेवली आणि हळूच दोन बाजूंना ओढली. काही अंतर सरकली आणि अडकली. बोटाला स्पष्ट जाणवतं. जोर लावला तर बुटाचा वेल्क्रोचा पट्टा सोडताना येतो तसा बारीक चर्र आवाज. उलट दिशेला सरकवली तर लोण्यासारखी जातात. ज्यांच्या घराच्या आसपास कबुतरं आहेत त्यांनी हे जरूर करून बघावं. घुबडाच्या पिसांत हे आकडे नसतात, कारण त्याला रात्री आवाज न करता उडायचं असतं, त्यापुढं चिरा परवडतात.

म्हणून सगळ्याच फटी वाईट असं मला म्हणता येत नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून घारीकडे बघा. तिच्या पंखाच्या टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतात, मध्ये भरपूर फटी. त्या फटी जन्मजात आहेत. टोकाचा एक मोठा भोवरा अनेक बारीक भोवऱ्यांत वाटला जातो आणि ओढ कमी होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात व्हान्स टकर ह्यांनी विंड टनेलमध्ये शिकवलेल्या हॅरिस हॉक ह्या शिकारी पक्ष्यावर हे मोजलं, १९९५ साली. बोटांसारख्या पिसांची टोकं कापून फटी बुजवल्यासारख्या केल्या तर ओढ वाढली. तीच घार पावसाळ्यात डोक्यावरून गेली तर बोटांच्या आत, मधल्या भागातही एक फट दिसते, ती मात्र गळालेल्या पिसाची. एकाच पंखात दोन फटी, एक मदत करणारी, एक खर्चात टाकणारी.

आणि आमच्याकडे मिरचीवर पडणारे फुलकिडे घ्या. शेतकऱ्याला डोकेदुखी, पण त्यांचा पंख भिंगाखाली बघितला की थक्क व्हायला होतं. मिलिमीटरभर जीव, आणि पंख म्हणजे एक बारीक काडी, भोवती केसांची झालर. जवळजवळ सगळी फटच. तरी उडतो, कारण एवढ्या लहान जिवाला हवा काकवीसारखी दाट लागते. केसांच्या मधून ती सहजी निघत नाही, म्हणून झालरसुद्धा पडद्याचं काम करते. कबुतराला जी खिडकी, ती फुलकिड्याला भिंत.

मग पाखरं गळतीच्या दिवसांत काय करतात? बदकांनी एक वाट धरली आहे. हळदी-कुंकू बदक पंखांची मोठी पिसं एकदमच टाकून देतं आणि तीन-चार आठवडे उडतच नाही, पाणवनस्पतींत दडून राहतं. अंग जड, पंख लहान, त्यात फटी पडल्या तर नाहीतरी उडणं अवघडच, मग एकदाच उरकून टाकलेलं बरं. ज्यांना रोज उडून पोट भरायचं ती एकेक पीस टाकतात आणि दुसरीकडून तडजोड करतात. गुंजन पक्ष्यांवर १९९७ साली झालेल्या अभ्यासात त्यांनी गळतीच्या काळात वजन उतरवलं होतं. २००१ साली स्वीडनमध्ये चिमण्यांच्या एका जातीत दिसलं की वजन उतरतं आणि त्याच वेळी छातीचा उडण्याचा स्नायू वजनाच्या मानानं वाढतो. पंखानं जे गमावलं ते हलक्या अंगानं भरून काढायचं. ही एकेक टाकण्याची पद्धत फार जुनी आहे. मायक्रोरॅप्टर नावाच्या, चार पंखांच्या, पिसं असलेल्या डायनोसॉरच्या सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मात पंखात अशीच फट आणि अर्धवट वाढलेली पिसं सापडली आहेत. बारा कोटी वर्षांपूर्वी कुणीतरी पंखात खिडकी घेऊन जगत होतं, हे वाचून मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो होतो.

तात्या २००९ साली गेले. ढाबळीत तेव्हा अकरा पाखरं होती, आता सात आहेत. त्यांची पत्र्याची ट्रंक मी दोन वर्षांनी उघडली. आत जुन्या भिंतीवरच्या दिनदर्शिका, दोरीनं बांधलेल्या. उन्हाळ्याची पानं कोरी. जूनपासून चौकोनाचौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षर: पाखराचं नाव, पिसाचा आकडा, डावं-उजवं. काळी २ डा. उ. जिरी १ डा. आणि दुसऱ्या दिवशी, जिरी १ उ. १९८६ चं पान मी शेवटी काढलं. तांबडी १, तांबडी २, तांबडी ३. ऑगस्टमध्ये तांबडी ४ डा. उ. नागपंचमीच्या आदल्या दिवशीच्या चौकोनात एवढंच: "उघडीप." माझं नाव नाही, ससाण्याचं नाही. त्यानंतर पाच दिवस कुठल्याच पाखराची नोंद नाही. सहाव्या दिवसापासून पुन्हा काळी, जिरी, पांढरी, एकेक आकडा.

परवा ती दोन पिसं घेऊन खाली आलो, तर मुलगी शाळेला निघाली होती. नववीत आहे. तिनं पिसं हातातून घेतली, उजेडात धरली, आणि दप्तर टाकून वर पळाली. मी मागून गेलो तेव्हा तिनं जिरी हातात धरली होती, पाय दोन बोटांत, छाती तळहातावर. पंख उघडून आतून बाहेर मोजत होती, ओठ हलवत. सातव्याच्या जागी नवं पीस, निम्म्याच्या वर आलेलं, मुळाशी नळीचा पांढरा पापुद्रा अजून चिकटलेला. त्याच्या पुढं एक बोट जाईल एवढी मोकळी जागा. तिनं डोळा लावून त्या जागेतून समोर बघितलं.

"बाबा, हिला आज सोडायची न्हाई ना?"

"न्हाई."

तिनं जिरीला आत ठेवलं, जाळी लावली, आणि कानामागची पेन्सिल काढून दारावर टांगलेल्या दिनदर्शिकेत लिहिलं: जिरी ८, दोन्ही.